नुसत्या जपानं कुणाचं भलं होतं का?

प्रश्न : नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते, आमचं बायकांचं भजनी मंडळ आहे. मे 2025 मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जण गेले तेव्हा आम्ही सामूहिक जप केला. सप्टेंबरात सीनेला पूर आला, माढा-मोहोळकडची गावं पाण्यात गेली, तेव्हाही केला. आता कॉलेजातला माझा पोरगा म्हणायलाय, आई तुम्ही दरवेळी जप करून मोकळ्या होता, त्यानं कुणाचं काय भलं झालं? लै लागलं मनाला. खरंच प्रार्थनेला काही अर्थ नसतो का हो? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, पोराचा राग मला चुकीचा वाटत नाही आणि तुमचा जपही खोटा वाटत नाही. आग पेटलेली असताना, पाणी चढत असताना लांब घरात बसलेल्या माणसानं करायचं तरी काय, बंबवाले आणि बोटवाले त्यांचं काम करत असतात, आपण मध्ये गेलो तर अडचणच, मग हात आपोआप जोडले जातात. तेवढ्या वेळेपुरतं ते पुरेसं आहे असंच मी म्हणेन.

जपानं समोरच्याचं संकट टळतं का, हा वेगळा प्रश्न. अमेरिकेत बायपासच्या 1,802 पेशंटचा एक मोठा अभ्यास झाला, 2006 मध्ये तो छापून आला. अनोळखी लोकांनी ज्यांच्यासाठी प्रार्थना केली त्यांना ऑपरेशननंतर इतरांपेक्षा काही कमी त्रास झाला नाही, उलट आपल्यासाठी प्रार्थना चाललीय हे ज्यांना पक्कं सांगितलेलं त्यांच्यात गुंतागुंत जरा जास्तच निघाली. पण तुम्ही काही पाण्याची पातळी उतरवायला बसला नव्हता, जीव कळवळला म्हणून बसलात. त्या कळवळ्याला नावं ठेवायचं कारण नाही.

खरी अडचण नंतर येते. जप झाला, आरती झाली, प्रसाद वाटला, आणि आपण आपल्या वाटणीचं केलं असं वाटून जीव शांत होतो. तिकडे पूर ओसरलेल्या घरात गुडघाभर गाळ असतो, जनावराला वैरण नसते, पोरांची वह्यापुस्तकं भिजून लगदा झालेली असतात, आणि पहिल्या आठवड्यात धावत आलेले लोक तोवर परत गेलेले असतात. पोराला जे टोचतंय ते हे असावं, जप टोचत नसावा.

आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचे दामाजीपंत बघा. पंधराव्या शतकातला दुष्काळ, माणसं अन्नावाचून मरायलेली, आणि हे बिदरच्या बादशहाचे अधिकारी, विठ्ठलाचे भक्त. नामस्मरण तर रोजचंच होतं त्यांचं, पण बादशहाच्या कोठाराच्या किल्ल्याही हातात होत्या. त्यांनी कोठारं उघडली, धान्य वाटून टाकलं, जीव जाईल हे माहीत असून. विठू महाराच्या रूपात येऊन विठ्ठलानं बिदरला पैसे भरले अशी कथा आहे, ती आपण सगळ्यांनी कीर्तनात ऐकलीय. मला त्यातला क्रम फार मोलाचा वाटतो, देव आला तो कोठार उघडल्यावर. दामाजीपंत नुसते देवघरात बसून राहिले असते तर त्यांना कोण विचारणार होतं?

तुमच्या मंडळाच्या हातात कुठल्या किल्ल्या आहेत तेवढं शोधा. मला तर बऱ्याच दिसतात. पूर्व भागातलं मंडळ म्हणजे तुमच्यातल्या काहीजणी टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जात असतील, काही विड्या वळत असतील. कारखान्याचं दुसरं दार उघडतं का, की त्याच्यापुढे सुताची पोती रचलीत, हे आत काम करणारीला आधी कळतं. महाराष्ट्रात 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानं आग विझवायची यंत्रणा चालू आहे असा दाखला, ‘बी फॉर्म’ म्हणतात त्याला, मालकानं लायसन्स असलेल्या एजन्सीकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यायचा असतो. एकटी बाई विचारायला गेली तर तिचं काम जायची भीती, म्हणून मंडळानं मिळून विचारा. दुसरं, प्रधानमंत्री सुरक्षा विमा. वर्षाला 20 रुपये खात्यातून कापतात, अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना 2 लाख मिळतात, 18 ते 70 वयाला चालतो. बँकेत नाहीतर पोस्टात खातं असलं की झालं. तरी कितीतरी घरांत तो नसतो, कारण फॉर्म कुणी भरून देत नाही.

जप थांबवू नका. उलट जपाला सगळ्याजणी एका जागी जमताच आहात तर उठायच्या आधी अर्धा तास एवढंच काढा, कुणाच्या घरी विमा नाही, कुणाच्या कारखान्यात दार बंद असतं, पुरातल्या गावात अजून काय हवंय. आणि पोरालाही बोलवा, बँकेचे फॉर्म तो भराभर भरून देईल.