दुचाकी अपघातांतील मृत्यूंचे आकडे खरोखर कशामुळे बदलतात?

हेल्मेटचा कायदा सैल झाला की मृत्यू वाढतात आणि कडक झाला की घटतात, असे सर्रास गृहीत धरले जाते. ते अर्धेच खरे आहे. अमेरिकेत 1997 साली मोटरसायकल अपघातांत 2,116 माणसे दगावली, तर 2008 साली 5,312. या काळात टेक्सास आणि फ्लोरिडा या राज्यांनी प्रौढांवरील हेल्मेटसक्ती शिथिल केली खरी; परंतु त्याच वर्षांत देशातील नोंदणीकृत मोटरसायकलींची संख्याही सुमारे दुप्पट झाली, आणि तरुणपणी सोडलेली गाडी चाळिशीनंतर, तीही अधिक ताकदीच्या इंजिनाची, पुन्हा हाती घेणारे चालक रस्त्यावर आले. पुढे मंदीच्या 2009 साली हाच आकडा 4,469 वर उतरला, आणि ही घट काही हेल्मेटच्या देशव्यापी कायद्यामुळे झालेली नव्हती.

आपल्याकडेही 2020 साली रस्ते अपघातांतील एकूण मृत्यू 1,31,714 पर्यंत खाली आले, ते मुख्यतः टाळेबंदीमुळे. हेल्मेट अपघात टाळत नाही, अपघातात डोके वाचवते. म्हणून त्याचा परिणाम एकूण मृत्यूंत न शोधता, अपघातात सापडलेल्या दर शंभर स्वारांपैकी किती दगावले, यात शोधावा.