वादळी हवेतील छोटी शर्यत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी दहा किलोमीटरच्या शर्यतीसाठी नाव नोंदवले आहे आणि हे अंतर एका तासाच्या आत पूर्ण करण्याच्या हेतूने सराव चालू आहे. शर्यत नेमकी वादळी दिवसांत येते. गेल्या वर्षीही सोसाट्याचा वारा, पाऊस आणि विजा होत्याच. पाच किलोमीटर जाऊन त्याच रस्त्याने परत यायचे असल्यामुळे, जाताना वारा समोरून लागला तरी येताना तो पाठीवर मिळेल आणि हिशेब बरोबरीत सुटेल, असे सोबती म्हणतात. ते खरे आहे का? आणि अशा हवेत मुळात धावावे का?

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर नकारार्थी आले तर पहिल्याची गरजच उरत नाही. वारा-पाऊस ही एक गोष्ट आणि वीज ही अगदी वेगळी गोष्ट. दोन्ही ‘खराब हवामान’ या एकाच पोत्यात भरल्यामुळे निर्णय चुकतात. वाऱ्यापावसात धावता येते. विजेत धावू नये, मग अंतर दहा किलोमीटर असो वा दोन.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. आवाजाला एक किलोमीटर अंतर कापण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. म्हणजे तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरांच्या टप्प्यात आहे आणि आसरा गाठण्याची वेळ झाली आहे. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर तीस मिनिटे होईपर्यंत बाहेर पडू नये. पाऊस थांबला म्हणजे धोका टळला असे नाही, कारण पावसाच्या पट्ट्यापासून कित्येक किलोमीटर दूरही वीज पडते. आसरा म्हणजे पक्की इमारत किंवा काचा बंद केलेली, धातूच्या छताची मोटार. झाड, तंबू किंवा प्रारंभरेषेवरची कमान नव्हे. ‘तासाभराचे तर काम, तेवढ्यात काय होते?’ असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगतो, की ताशी ४० किलोमीटर वेगाने सरकणारे वादळ दहा किलोमीटर अंतर पंधरा मिनिटांत तोडते आणि तेवढ्या वेळात तुम्ही जेमतेम अडीच किलोमीटर गेलेले असता.

आता सोबत्यांच्या हिशेबाकडे वळू. तो बरोबरीत सुटत नाही. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि हा वेग म्हणजे धावणाऱ्याचा हवेच्या तुलनेतील वेग. तुम्ही ताशी १० किलोमीटर वेगाने धावत आहात आणि वारा ताशी १८ किलोमीटर आहे असे धरा. समोरून वारा असताना तुमच्या अंगावर ताशी २८ किलोमीटर वेगाची हवा येते, आणि शांत हवेतला रोध एक मानला तर तो जवळजवळ आठपट होतो. परतताना वारा तुमच्यापेक्षा ताशी फक्त ८ किलोमीटरने पुढे असतो, त्यामुळे मागून मिळणारा रेटा त्याच मोजमापात एकाच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी भरतो. शांत हवेतला रोध या वेगाला किरकोळ असतो, हे खरे. पण किरकोळाची आठपट पायांना जाणवते. जाताना गमावलेले येताना सगळे परत मिळणार नाही, हे गृहीत धरूनच निघावे.

म्हणून जाताना घड्याळाकडे पाहू नका, श्वासाकडे पाहा. शांत हवेत त्या वेगाला जितकी धाप लागते तितकीच लागू द्या, मग वेग कितीही उतरो. पहिल्याच पाच किलोमीटरांत वाऱ्याशी भांडून दमलेला धावक परतीच्या अनुकूल वाऱ्याचा फायदाही घेऊ शकत नाही. शक्य तेथे दुसऱ्याच्या मागे राहा. प्यू या शास्त्रज्ञाच्या १९७१च्या प्रयोगांत, मधल्या पल्ल्याच्या वेगाने पुढच्या धावकाच्या एक मीटर मागे राहिल्यास हवेचा रोध सुमारे ८० टक्क्यांनी घटतो असे दिसले. वारा तिरका असेल तर हा आडोसा नेमका पाठीमागे न सापडता थोडा बाजूला सापडतो. मात्र सतत दुसऱ्याच्या पाठीशी लपून राहणे शिष्टाचाराला धरून नाही. अधूनमधून स्वतः पुढे व्हावे.

एका तासाचे उद्दिष्ट त्या दिवसापुरते सोडून द्या, असे माझे स्पष्ट मत आहे. बोस्टन मॅरेथॉनमध्ये २०१७ साली महिलांची विजयी वेळ २ तास २१ मिनिटे ५२ सेकंद होती. २०१८ साली गारठा, मुसळधार पाऊस आणि समोरचा वारा यांत डेझिरी लिंडेन २ तास ३९ मिनिटे ५४ सेकंदांत पहिल्या आल्या.

प्रश्न : पाच किलोमीटरच्या शर्यतीत पाऊस असेल तर रेनकोट घालून धावावे का? बुटांचे काय करावे?

उत्तर : रेनकोट नको. आत घामाने भिजायला होते आणि तो वाऱ्यात शिडासारखा फुगतो. सुती बनियनही टाळा. अंगाला चिकटणारे, लवकर सुकणारे कपडे घाला, पुढे झाप असलेली टोपी चढवा म्हणजे पाणी डोळ्यांत जाणार नाही, आणि काखा व मांड्यांना व्हॅसलिन लावा. धावताना थंडी फारशी बाधत नाही. ती बाधते सुरुवातीपूर्वी उभे असताना आणि शर्यत संपल्यावर, कारण पाणी स्थिर हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगाची उष्णता ओढून घेते. त्यामुळे सुरुवात होईपर्यंत मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीला डोके बाहेर काढण्यापुरते भोक पाडून ती अंगात घाला, आणि शेवटच्या रेषेपाशी कोरडे कपडे कोणाकडे तरी देऊन ठेवा.

बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ मारा. ओल्या रस्त्यावर पाय घसरतो तो बहुधा रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर, लोखंडी झाकणांवर आणि वळणावरच्या पानांवर. तेथे पावले लहान टाका. साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहे की नाही ते दिसत नाही, म्हणून ते वळसा घालून टाळावे; त्यात दोन-चार सेकंद गेले तरी चालतील.

प्रश्न : एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणाऱ्या पाच किलोमीटरच्या शर्यतीत वादळी वारा सबंध वेळ पाठीवर होता आणि माझी आजवरची सर्वोत्तम वेळ लागली. ती खरी मानावी का?

उत्तर : तुम्ही धावलात, अंतर मोजलेले होते, वेळ लागली, ती तुमचीच आहे. विक्रमाचे नियम मात्र या बाबतीत कडक आहेत. मैदानावर १०० व २०० मीटर धावणे, लांब उडी आणि तिहेरी उडी यांत पाठीवरचा वारा सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त असल्यास विक्रम धरत नाहीत. रस्त्यावर वाऱ्याची अशी मर्यादा नाही; तेथे मार्गावरच अट आहे, ती अशी की प्रारंभ आणि शेवट यांतील सरळ अंतर शर्यतीच्या लांबीच्या निम्म्याहून अधिक नसावे. उतारालाही मर्यादा आहे. जेफ्री मुताई यांनी २०११ साली बोस्टनमध्ये पाठीवरच्या वाऱ्यात २ तास ३ मिनिटे २ सेकंद अशी तोवरची सर्वांत जलद वेळ दिली, पण मार्ग या अटींत बसत नसल्यामुळे ती जागतिक विक्रम म्हणून नोंदली गेली नाही.

आपल्या वहीत ही वेळ जरूर लिहा आणि तिच्यापुढे वाऱ्याची दिशा व अंदाजे जोर नोंदवा. पुढच्या शर्यतीचा वेग ठरवताना मात्र त्याआधीची, शांत हवेतली वेळ धरा.