फिरायला निघाल्यावर कोल्हा मागे आला तर

प्रश्न : आम्ही अंबाझरी परिसरात राहतो. रोज पहाटे साडेपाचच्या सुमारास मी आमच्या अकरा किलोच्या बीगल कुत्रीला फिरायला नेते. या मार्चमध्ये दोनदा जंगलाच्या कुंपणालगतच्या रस्त्यावर कोल्हा दिसला. दुसऱ्या वेळी तर वीसएक पावलांचे अंतर राखून तो कोपऱ्यापर्यंत आमच्या मागोमाग आला. उंचीला तो आमच्या कुत्रीहून थोडा जास्तच होता. शिकागोला राहणारी मुलगी म्हणाली, "आई, आमच्याकडे कायोटी दिसला की हात उंच करून जोरात ओरडायचं असतं, तूही तसंच कर." कायोटी आणि आपला कोल्हा एकच का? हा उपाय येथे चालेल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : दोन्ही प्राणी एक नव्हेत, पण जवळचे भाऊबंद आहेत, आपला पाळीव कुत्राही त्याच कुळातला. कायोटी उत्तर अमेरिकेतला आणि अंगाने मोठा असतो. आपल्याकडचा कोल्हा साधारण आठ ते दहा किलोंचा, म्हणजे आपल्या बीगलच्याच तोलाचा. आपल्याकडे पुष्कळ लोक खोकडालाही कोल्हा म्हणतात. पण खोकड जेमतेम मांजराएवढे असून त्याची झुपकेदार शेपटी अंगाच्या निम्म्याहून लांब असते. आपण सांगितलेल्या उंचीवरून तो कोल्हाच असावा.

तो मागे आला म्हणजे शिकारीसाठीच आला, असे समजू नये. कोल्हे जोडीने राहतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांची पिल्ले नाल्याकाठच्या झुडपांत किंवा रस्त्याखालच्या मोरीत असतात. त्या दिवसांत कुत्रा त्यांना हद्दीत शिरलेला प्रतिस्पर्धी वाटतो आणि तो हद्दीबाहेर जाईपर्यंत ते त्याच्यावर नजर ठेवून चालतात. कायोटीही असेच वागतात. मार्चमधील ही घटना पाहता जवळपास पिल्ले असण्याची शक्यता मला अधिक वाटते, म्हणून पावसाळा लागेपर्यंत तो रस्ता सोडून दुसऱ्या बाजूने फिरावे.

कोल्हा पुन्हा समोर आलाच, तर थांबावे, कुत्रीला आखूड धरून आपल्या पलीकडच्या बाजूला घ्यावे, जमत असेल तर उचलून घ्यावे, आणि त्याच्याकडे तोंड ठेवूनच सावकाश मागे सरावे. पाठ फिरवून पळू नये, कारण पळणाऱ्याचा पाठलाग करणे हे या कुळाच्या रक्तातच आहे. बटण दाबले की लांबत जाणारी दोरी मात्र घरीच ठेवावी. अशा दोरीला बांधलेली बीगल वास लागताच दहा पावले पुढे झुडपात पोचलेली असते आणि मग आपल्या हातात फक्त मूठ उरते.

मुलीने सांगितलेला उपाय चुकीचा नाही. पण तो प्राणी जवळ येऊ लागला तरच वापरावा आणि त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवावी. शिवाय नागपुरात पहाटे साडेपाचला कोणी ओरडले, तर कोल्हा जाईल, पण गल्लीतली दहा कुत्री धावून येतील. माझ्या दवाखान्यात फाटलेला कान घेऊन येणारी कुत्री बहुधा या टोळक्यांनीच फाडलेली असतात. त्यापेक्षा जाड काठी रस्त्यावर आपटावी आणि खणखणीत आवाजात "हट्" म्हणावे, एवढे पुरते. दगड मारू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार कोल्हा संरक्षित आहे.

वेळही बदलून पाहावी. मे २०२१ मध्ये याच बाजूला, आयटी पार्क आणि गायत्रीनगर परिसरात, बिबट्या येऊन गेला होता हे आपल्याला आठवत असेल. बिबट्याला कुत्रा हे सोपे भक्ष्य असते, म्हणून कुत्रीला पूर्ण उजाडल्यावरच बाहेर काढलेले बरे.

झोकांड्या खाणारा, लाळ गाळणारा किंवा माणसाला न बुजता अंगावर येणारा कोल्हा दिसला, तर मात्र जवळ न जाता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. २०२४ मध्ये मुंबईत चेंबूर परिसरातील कोल्ह्यांमध्ये रेबीज आढळला होता.

प्रश्न : कोल्ह्याशी झटापट होऊन आमच्या लॅब्रेडॉरच्या नाकावर ओरखडा आला. त्याला दरवर्षी रेबीजची लस देतो. तरी पुन्हा द्यावी लागेल का?
– एक वाचक, हिंगणा मार्ग

उत्तर : होय, आणि ती आजच द्यावी. हातमोजे घालून जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची यांतले काहीही त्यावर लावू नये. जखम धुताना किंवा झटापट सोडवताना कुत्र्याची वा कोल्ह्याची लाळ आपल्या हातावरच्या एखाद्या चिरेला लागली असेल, तर आपणही मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांपैकी एकात जाऊन, चावणारा प्राणी रानातला होता हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) द्यायचे की नाही, हे त्यावरून ठरते. चावलेल्या प्राण्यावर दहा दिवस लक्ष ठेवण्याची पद्धत कुत्र्या-मांजरांपुरती आहे. कोल्ह्याच्या बाबतीत तिच्यावर विसंबून लस लांबवू नये.