असेसमेंटच्या नोकरीसाठी अमेरिकेत येताय, तर

कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी सोडून अमेरिकेतल्या विद्यापीठ ग्रंथालयात असेसमेंटचं, म्हणजे ग्रंथालयाचा वापर आणि सेवा मोजून तपासण्याचं, काम करायला यावं का, आणि मुलाच्या शाळेचं काय, असं तुम्ही विचारलंत. वाचल्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. व्हिसाचं सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे, ते सोडते.

काम मला मनापासून आवडतं. ई-जर्नल्सच्या वापराचे आकडे ‘काउंटर’ या वापर मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या नियमांनी येतात. विद्यार्थ्याने एक लेख आधी पडद्यावर उघडला आणि लगेच त्याचीच पीडीएफ उतरवली, तर एकूण मागण्या २, युनिक मागणी १. एका वापराचा खर्च काढायला वर्गणीला यातल्या कुठल्या आकड्याने भागायचं, यावर एखादं जर्नल राहतं किंवा जातं. एक्सेल पक्कं हवंच, पण विद्यार्थ्यांशी बसून बोलताही आलं पाहिजे. ग्रंथालयाच्या सेवेबद्दल वाचकांचं मत विचारणाऱ्या ‘लिबक्वाल’ पाहणीत २२ मुख्य विधानं असतात. प्रत्येकाला किमान किती चालेल, किती हवं आणि प्रत्यक्षात किती मिळतं, असे तीन गुण द्यायचे. तफावत दिसते, कारण दिसत नाही. ते विचारायला लागतं.

कागदपत्रं फार छळतात. जाहिरातीत ‘एएलए-मान्य (अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची मान्यता असलेली) पदवी किंवा समकक्ष’ असतं आणि ते समकक्षपण तुम्ही सिद्ध करायचं. माझी गुणपत्रिका पाकिटावरचा शिक्का अर्धवट उमटला म्हणून परत आली होती. निघण्याआधीच हे उरकून घ्या.

एकटेपणा येतो, कामात मागे पडतो. त्यावर अधिक लिहीत नाही.

शाळेचं मात्र अजून सलतं. इंग्रजीच्या चाचणीत माझी मुलगी अनोळखी बाईंसमोर बोललीच नाही, म्हणून तिला खालच्या वाचनगटात बसवलं. घरी ती जाडजूड इंग्रजी पुस्तकं संपवत होती. एका चाचणीवरून निष्कर्ष काढू नये, हे मी बैठकांमध्ये प्राध्यापकांना सांगते, शाळेतही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, गट वर्षभर तोच राहिला. खरं सांगू? पाहणीला उत्तरच न देणाऱ्या विद्यार्थ्यांवर अहवालात वेगळं प्रकरण हवं असा मी हट्ट धरते, तो तिच्यामुळे.

म्हणून मुलाच्या वह्या आणि त्याने वाचलेल्या पुस्तकांची यादी सोबत आणा, चाचणीआधीच दाखवा. आणि मुलाखतीत विचारा, मागच्या पाहणीनंतर काय बदललं? वाचनकक्षाची वेळ वाढवली, असं काही ठोस सांगितलं तर या. नुसता अहवाल पुढे केला, तर दुसरीकडे अर्ज करा.