भयपट आणि गुप्तहेरकथा यांचा खरा मेळ कोणत्या चित्रपटांत बसला आहे?

ज्यांत भीतीही आहे आणि गुन्ह्याचा रीतसर तपासही आहे असे चित्रपट कोणते, आणि त्यांतले बरेचसे शेवटी निराशा का करतात, असे तुम्ही विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण माझी निवड त्यावरच अवलंबून आहे.

गुप्तहेरकथेत प्रत्येक खुणेमागे कारण असते आणि ते शेवटी आपल्याला सांगितले जाईल असा प्रेक्षकाशी अलिखित करार असतो. भयकथेचे नेमके उलट आहे, कारण तिथे उलगडा झाला की भीती ओसरते. त्यामुळे शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत या दोन प्रकारांची गरज परस्परविरोधी होते, आणि बहुतेक दिग्दर्शक तिथेच गोंधळतात.

यावरची सर्वांत जुनी तडजोड म्हणजे भूत शेवटी माणूस निघणे. 'बास्करव्हिल्सचा कुत्रा' ही शेरलॉक होम्सची कादंबरी या वाटेवरची आद्य कृती म्हणता येईल, आणि तिच्यावर आधारलेला 1962 चा 'बीस साल बाद' आपल्याकडे आजही आवडीने पाहिला जातो. परंतु खरे सांगायचे तर उत्तर कळल्यावर अशा चित्रपटांत धुके, हवेली आणि गाणीच उरतात. फाझिल यांचा 'मणिचित्रताळ' (1993) हा मल्याळी चित्रपट याला सन्माननीय अपवाद आहे. 'भूलभुलैया' पाहिला असेल, तर कथानक तुम्हाला ठाऊकच आहे. तरीही मूळ चित्रपट पाहावा, कारण त्यातला मानसोपचारतज्ज्ञ पोलिसासारखाच काम करतो. तो घरातल्या प्रत्येकाला पारखतो, आपला संशय भलत्याच व्यक्तीकडे वळू देतो आणि मग आपल्या डोळ्यांदेखत घडून गेलेल्या किरकोळ प्रसंगांतूनच उकल मांडतो. विशेष म्हणजे उत्तर मिळाल्यावर भीती कमी होत नाही, उलट वाढते.

मला मात्र याहून वेगळा गट अधिक मोलाचा वाटतो, तो म्हणजे ज्यांत तपास हाच सापळा असतो. तपास करणारा जितका हुशार आणि चिकाटीचा, तितका तो लवकर अडकतो. रॉबिन हार्डी यांचा 'द विकर मॅन' (1973) हा याचा नमुना. एका निनावी पत्रामुळे हरवलेल्या मुलीच्या शोधात पोलीस सार्जंट हाउई स्कॉटलंडजवळच्या एका बेटावर जातो आणि अशी मुलगी आमच्याकडे नव्हतीच, असे सगळे गाव त्याला हसतमुखाने सांगते. वर्गात एक बाक रिकामे असते, हजेरीपटावर मात्र तिचे नाव सापडते. खोटे बोलणाऱ्यांना पकडल्याचे समाधान त्याला आणि आपल्यालाही मिळते. चित्रपटभर भरपूर ऊन आणि गाणीबजावणी आहे, अंधार फारसा नाहीच. हाउई प्रत्येक धागा अचूक पकडतो, हीच शेवटी त्याची शोकांतिका ठरते. (2006 चा त्याच नावाचा पुनर्निर्मित चित्रपट कृपया टाळावा.)

ॲलन पार्कर यांचा 'एंजल हार्ट' (1987) त्याच वाटेने जातो, फक्त अधिक काळोखातून. 1955 साली न्यूयॉर्कमधल्या एका खासगी गुप्तहेराला बेपत्ता गायकाचा शोध घेण्याचे काम मिळते आणि तो ज्याची ज्याची चौकशी करतो त्याचा मृत्यू ओढवतो. मिकी रूर्क आणि रॉबर्ट डी नीरो यांच्या प्रवेशांतली सभ्य धमकी ऐकण्यासारखी आहे. एक सूचना: पहिल्यांदा पाहताना पात्रांची नावे मोठ्याने उच्चारून पाहू नका.

'द एक्झॉर्सिस्ट 3' (1990) या चित्रपटाकडे लोक मालिकेतला उरलासुरला भाग म्हणून दुर्लक्ष करतात, ते मला अन्यायाचे वाटते. मूळ कादंबरीचे लेखक विल्यम पीटर ब्लॅटी यांनीच तो दिग्दर्शित केला. त्यातली कल्पना पोलिसी कामाच्या एका नेहमीच्या युक्तीवर उभी आहे: खोटे कबुलीजबाब ओळखता यावेत म्हणून खुनाचे काही तपशील वृत्तपत्रांपासून लपवलेले असतात. आता नव्या खुनांत नेमके तेच तपशील दिसू लागतात, आणि ज्याला ते ठाऊक होते त्या खुन्याला तर पंधरा वर्षांपूर्वीच मृत्युदंड झालेला आहे. पुरावा निर्दोष आहे, निष्कर्ष मात्र अशक्य! शेवट निर्मात्यांच्या आग्रहावरून बदलावा लागला आणि तो तसा जाणवतोही. पण रुग्णालयातल्या लांबलचक मार्गिकेचे, दुरून आणि जवळजवळ न हलणाऱ्या कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य एवढ्यासाठीसुद्धा तो पाहावा.

केवळ एकच चित्रपट सुचवा असे म्हणालात, तर मी कियोशी कुरोसावा यांचा 'क्युअर' (1997) सांगेन. टोकियोत एकापाठोपाठ खून होतात. प्रत्येक वेळी खुनी वेगळा असतो, तो जवळपासच सापडतो, कबुलीही देतो, पण कारण सांगू शकत नाही; प्रत्येक मृतदेहावर मात्र फुलीची तीच खूण असते. म्हणजे गुप्तहेरकथेतला 'कोणी केले' हा प्रश्न पहिल्या काही मिनिटांतच निकालात निघतो आणि उरतो तो 'का' हा प्रश्न. स्मृती हरवलेला एक तरुण प्रत्येकाला शांतपणे 'तुम्ही कोण?' असे विचारत राहतो, आणि चौकशीच्या खोलीत प्रश्न विचारणारा कोण आणि उत्तर देणारा कोण, हेच हळूहळू उलटे होते. यात दचकवणारे आवाज नाहीत. लायटरची ज्योत आणि सांडलेले पाणी एवढ्यावर दिग्दर्शकाने सारे काम भागवले आहे.

दारिओ आर्जेन्तो यांचा 'डीप रेड' (1975) तुलनेने भडक आणि रक्तबंबाळ आहे, त्यामुळे तो सर्वांना रुचेलच असे नाही. परंतु सर्वांत महत्त्वाचा पुरावा त्यांनी सुरुवातीलाच नायकाच्या आणि आपल्या डोळ्यांसमोरून नेला आहे, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्या बहुतेकांना तो दिसत नाही. कोडे घालणाऱ्याने इतका प्रामाणिकपणा क्वचितच दाखवला असेल. हिदेओ नाकाता यांचा 'रिंगू' (1998) तुम्ही बहुधा पाहिलाच असेल. तसे असल्यास पुन्हा पाहताना नायिका पत्रकार आहे आणि शापित चित्रफीत पाहिल्यामुळे तिच्या हाती फक्त सात दिवस आहेत, या बाजूने पाहावा.

ना होंग-जिन यांचा 'द वेलिंग' (2016) हा कोरियन चित्रपट मात्र शेवटी ठेवा, कारण तो 156 मिनिटांचा आहे आणि सरळ उत्तर देत नाही. एका डोंगराळ गावात माणसे स्वतःच्याच कुटुंबीयांना मारू लागतात. अधिकृत स्पष्टीकरण विषारी अळंब्यांचे असते, तर गावाचा संशय एका जपानी परक्यावर. तपास करणारा पोलीस भित्रा आणि सामान्य बुद्धीचा आहे, आणि त्याच्या हाती बहुतांशी ऐकीव गोष्टीच आहेत. त्याची स्वतःची मुलगी आजारी पडते तेव्हा पुरावा तपासायला त्याच्याकडे ना वेळ उरतो ना धीर. पहिल्यांदा पाहून झाल्यावर तुमचा गोंधळ उडेल. तेव्हा काही दिवसांनी तो पुन्हा पाहा, आणि या वेळी कोणी काय स्वतः पाहिले आणि काय नुसते दुसऱ्याकडून ऐकले, याची कागदावर नोंद करत जा.