ठोके बिघडले आणि बाहेर साथ आहे : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात साथीच्या काळातल्या हृदयरुग्णांवर लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांत एकच धास्ती वारंवार दिसते : दवाखान्यात गेलो तर लागण होईल, घरी थांबलो तर हृदय दगा देईल. हृदयविकार आणि आपत्कालीन विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांनी यातल्या काही प्रश्नांना दिलेली ही उत्तरं.

प्रश्न : माझ्या बहिणीला (वय ३४) एसव्हीटीचा, म्हणजे ठोके अचानक फार वेगाने पडू लागण्याचा त्रास आहे. अचानक धडधड सुरू होते, ठोके १८०-१९०वर जातात. २०२१च्या दुसऱ्या लाटेत असं झालं तेव्हा घरचे तिला दवाखान्यात न्यायला तयारच नव्हते. घरी काही करता येतं का?
— एक वाचक, कराड

उत्तर : येतं, पण आधी तिच्याकडे नीट बघा. डोळ्यांपुढे अंधारी, छातीत दुखणं, दम लागणं, अंग गार पडून घाम सुटणं किंवा वरचं बीपी ९०च्या खाली, यातलं एक जरी असलं तरी घरगुती उपायात मिनिटभरही घालवू नका, १०८ला फोन करा. यातलं काही नसेल आणि डॉक्टरांनी एसव्हीटीचंच निदान केलेलं असेल, तर फुंकून जोर लावण्याची सुधारित पद्धत करून बघायला हरकत नाही. मात्र ती कशी करायची हे धडधड नसताना डॉक्टरांकडून एकदा समजून घ्या.

औषधाच्या दुकानातून १० मिलीची सिरिंज आणून ठेवा. सुई लावायची नाही. दट्ट्या एकदा मागेपुढे करून सैल करा. बहिणीला पलंगावर उशांना टेकवून अर्धवट बसवा, पाठ साधारण ४५ अंशांत. सिरिंजच्या टोकातून तिने फुंकायचं, दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने, पूर्ण १५ सेकंद. ते संपताक्षणी उशा काढून तिला सपाट आडवं करा आणि दुसऱ्या कोणीतरी तिचे दोन्ही पाय ४५ अंशांपर्यंत उचलून १५ सेकंद धरा. मग पुन्हा टेकवून बसवा आणि मिनिटभराने नाडी मोजा. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात (२०१५) नुसतं फुंकण्याच्या जुन्या पद्धतीने शंभरातल्या १७ जणांचे ठोके ताळ्यावर आले, आडवं करून पाय उचलल्यावर ४३ जणांचे.

फसतं कुठे? बहुतेकांचा दम सात-आठ सेकंदांतच सुटतो. नाहीतर उशा काढण्यात वेळ जातो, किंवा रुग्ण स्वतःच पाय उचलायला बघतो. फुंकताना छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारं रक्त अडलेलं असतं. दाब सुटून पाय वर गेले की ते एकदम येतं, रक्तदाब क्षणभर चढतो, ठोके मंदावणारी व्हेगस नस चेतवली जाते आणि ठोक्यांचं फिरत राहिलेलं चक्र तुटतं. सगळी गंमत त्या 'एकदम'मध्ये आहे, तिथे ढिलाई झाली की उपयोग नाही.

साथ असेल तर खिडकी उघडा, मदत करणाऱ्याने मास्क लावून पायांच्या बाजूला उभं राहावं आणि सिरिंज नंतर टाकून द्यावी. दोनदा करून थांबलं नाही तर दवाखाना. डोळे दाबण्याचा जुना उपाय अजिबात नको, त्याने डोळ्याला इजा होते. मानेतली रक्तवाहिनी चोळणं हे डॉक्टरांचं काम.

दवाखान्यात धडधड थांबवायला अडेनोसिन हे औषध देतात, आधी ६ मिलिग्रॅम, गरज पडली तर १२. हे औषध रक्तात काही सेकंदच टिकतं, म्हणून कोपरापाशी मोठ्या शिरेत झटकन देऊन लगेच २० मिली सलाइन ढकलावं लागतं. मनगटामागच्या बारीक शिरेतून दिलं की ते हृदयापर्यंत पोचण्याआधीच संपतं. दमा असेल तर आधीच सांगा. औषध जाताना काही सेकंद छातीवर दडपण येतं, जीव चालला असं वाटतं. ते ओसरतं, पण बहिणीला हे अगोदर माहीत असलेलं बरं. आणि धडधड चालू असताना काढलेल्या ईसीजीचा फोटो फोनमध्ये जपून ठेवा. फोनवरून सल्ला घ्यायची वेळ आली तर वर्णनाच्या दहा वाक्यांपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

प्रश्न : सोसायटीत कोणी अचानक कोसळलं आणि त्याला कोविड असण्याची शक्यता असेल, तर छाती दाबायला पुढे व्हावं का? तोंडाने श्वास द्यायचा का?
— एका सोसायटीचे सचिव, नाशिक

उत्तर : पुढे व्हावं. इटलीत लोम्बार्डीच्या चार प्रांतांत २१ फेब्रुवारी २०२०पासूनच्या चाळीस दिवसांत रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडण्याच्या ३६२ घटना नोंदल्या गेल्या, आदल्या वर्षी त्याच काळात २२९. आणि नेमक्या त्याच दिवसांत, आजूबाजूच्या माणसांनी छाती दाबायला घेण्याचं प्रमाण घसरलं. हृदय थरथरत असताना मदत नाही मिळाली तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी होते. रुग्णवाहिकेला दहा मिनिटं लागली तर काय उरतं, हा हिशोब सोसायटीच्या बैठकीत एकदा मांडायलाच हवा.

खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. श्वास बघायला गाल त्याच्या तोंडाजवळ नेऊ नका, हातभर अंतरावरून छाती हलते का एवढंच बघा. मधूनच आचके दिल्यासारखा, घोरल्यासारखा श्वास म्हणजे श्वास चालू असणं नव्हे. इथे सगळ्यांत जास्त फसगत होते. 'श्वास घेतायत की' म्हणत लोक थांबून राहतात. शंका असेल तर छाती दाबायला घ्या.

तुमच्या तोंडाला मास्क, त्याच्या तोंडा-नाकावर मास्क किंवा रुमाल. कापड शोधण्यात वेळ घालवू नका, ओढणी, उपरणं, जे हाताशी असेल ते. दुसऱ्याने १०८ला फोन लावून स्पीकरवर ठेवावा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४पासून आहे. साध्या आणि अ‍ॅडव्हान्स्ड अशा दोन तऱ्हेच्या गाड्या असतात, म्हणून 'माणूस बेशुद्ध आहे, श्वास नाही, छाती दाबतोय, डिफिब्रिलेटरवाली गाडी हवी' (हृदयाला शॉक देणारं यंत्र असलेली) असं स्पष्ट सांगा. ताप-खोकला होता किंवा कोविड आहे हे लपवू नका. ते कळलं तर पथक पीपीई घालून तयार होऊन येतं, दारात पोचल्यावर वेळ जात नाही.

माणूस गादीवर असेल तर जमिनीवर घ्या. गादीवर छाती दबत नाही, गादी दबते. छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. दर दोन मिनिटांनी माणूस बदला. दमलेला माणूस खोल दाबत नाही आणि त्याला स्वतःला ते कळतही नाही. मोठ्या माणसाला साथीच्या काळात तोंडाने श्वास देऊ नका, नुसती छाती दाबा. लहान मूल किंवा बुडालेली व्यक्ती यांच्यात मूळ अडचण श्वासाचीच असते, तिथे घरच्या माणसाने श्वासही द्यावा. एका घरात राहणाऱ्यांचा संपर्क तसाही आलेलाच असतो.

एईडी (कोणालाही वापरता येणारं शॉक देणारं मशीन) असेल तर येताक्षणी लावा. छाती कोरडी पुसा, एक पॅड उजव्या हासळीच्या खाली, दुसरा डाव्या काखेच्या खाली बाजूला. मशीन बोलून सांगतं तसं करा. रुग्णालयातही अशा वेळी शॉक देणं कोविडच्या रिपोर्टसाठी थांबवत नाहीत, सगळ्यांना बाधित धरूनच काम होतं. तसं कोणी थांबवत असेल तर नातेवाइकांनी जरूर विचारावं.

प्रश्न : घरात २०२० सालच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या गोळ्या पडून आहेत. पुन्हा साथ आली तर उपयोगी पडतील का?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : नाही. आजच बाजूला काढा. मार्च २०२०मध्ये आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) आरोग्य कर्मचारी आणि रुग्णांच्या घरातले लोक यांच्यापुरता हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा सल्ला दिला होता, आणि बाजारातून गोळ्या गायब झाल्या. संधिवात आणि ल्युपसच्या रुग्णांना त्या मिळेनात. जून २०२०मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कोविडसाठी दिलेली तातडीची परवानगी काढून घेतली.

या दोन्ही गोळ्या ईसीजीवरचं क्यूटी अंतर वाढवतात, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला विद्युतदृष्ट्या सावरायला जास्त वेळ लागतो. त्या सावरण्याच्या काळात एखादा चुकार ठोका पडला की 'टोर्साद' नावाची घातक लय सुरू होऊ शकते. सुधारित क्यूटी (ठोक्यांच्या वेगाचा हिशोब धरून काढलेलं) ५०० मिलिसेकंदांच्या वर गेलं की धोका ठळक होतो. तापात जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घटलेलं असेल, वर बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल, आणि उलटी थांबायला ऑन्डॅनसेट्रॉन किंवा डॉम्पेरिडोन घेतलं, तर एकेकटी निरुपद्रवी वाटणारी चार कारणं एकाच दिवशी जमतात. डॉक्टरांनी यातलं काही दिलं तर चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या त्यांना दाखवा आणि ईसीजी लागेल का ते विचारा. रुग्णालयात पोटॅशियम ४च्या वर राखतात, आणि टोर्साद झालाच तर २ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट शिरेतून देतात. या गोळ्या घेताना चक्कर येऊन कोणी पडलं, तर त्याला अशक्तपणा समजू नका.

प्रश्न : वडिलांना एएफ (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) आहे, एसिट्रोम (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू आहे. लॉकडाउनमध्ये तीन महिने आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी तपासणी) झाला नव्हता. शिवाय ऑक्सिमीटरवर ठोके कधी ६८ दिसायचे, कधी १२०. कशावर विश्वास ठेवायचा?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ऑक्सिमीटरवर नाही. ते बोटापर्यंत पोचलेल्या रक्ताच्या लाटा मोजतं. एएफमध्ये काही ठोके इतके दुबळे असतात की त्यांची लाट बोटापर्यंत येतच नाही, मग आकडा खोटा कमी दिसतो. बोटं गार असतील किंवा नखांवर रंग असेल तर आणखी गोंधळ. छातीशी स्टेथोस्कोप लावून, नाहीतर डाव्या छातीवर तळहात ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं अनियमित ठोक्यांत चालत नाही. ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की ठोके दहाच्या आसपास वाढतात, तेव्हा ताप असेल तर पॅरासिटामॉल आणि पाणी देऊन तासाभराने पुन्हा मोजा. स्वस्थ बसलेले असताना ठोके ११०च्या वरच राहिले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. दम, छातीत दुखणं, घेरी असेल तर थेट रुग्णालय. मेटोप्रोलॉलसारखी ठोके मंदावणारी गोळी मनाने दुप्पट करू नका, एकदम बंदही करू नका.

आयएनआर हुकला म्हणून एसिट्रोम थांबवणं ही फार महागात पडणारी चूक आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्यात गुठळी होऊन ती मेंदूत जाते. आजारपणात मात्र उलटा धोकाही असतो : जेवण तुटतं, अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक सुरू होतं आणि आयएनआर चढतो. म्हणून नवं औषध सुरू झालं की चार-पाच दिवसांत तपासणी, हवं तर घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबकडून. साधारण २ ते ३ हे लक्ष्य. काळी शी, लाल लघवी, न थांबणारा घोळणा म्हणजे तातडी.

तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्यांवर जाता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. पण धातूची कृत्रिम झडप असेल किंवा संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप आवळलेली असेल तर हा बदल करायचा नसतो.

प्रश्न : आईला आयसीडी (घातक लय सुरू झाली की आतून शॉक देणारं उपकरण) बसवलेलं आहे. शॉक बसला तर लगेच रुग्णालयात न्यायचं का?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : एक शॉक बसला आणि नंतर बरं वाटतं आहे, तर त्याच दिवशी फोन करून कळवा. घरी रिमोट मॉनिटर असेल तर नोंद पाठवता येते. चोवीस तासांत दोन किंवा जास्त शॉक, किंवा एका शॉकनंतरही छातीत दुखणं, दम, शुद्ध हरपणं असेल तर साथ असो-नसो, लगेच निघा. उपकरणाचं कार्ड सोबत घ्या, कारण कोणत्या कंपनीचं आहे हे कळल्याशिवाय त्यातली नोंद वाचायचं यंत्र जोडता येत नाही. नेहमीची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे पुढे ढकलता येते, बॅटरी संपत आल्याची सूचना मिळाली असेल तर नाही. आई बेशुद्ध पडली आणि श्वास नसेल तर आयसीडी आहे म्हणून वाट बघू नका, छाती दाबा. दाबताना शॉक सुटलाच तर तुम्हाला फार तर झिणझिण्या येतील.