गावातलं दारूचं दुकान बंद केल्याने खरंच फरक पडतो का? पिणारा कुठेही जाऊन पितोच ना?

पितो. पण रोज पीत नाही आणि तेवढी पीत नाही.

मी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांच्या गावची. आमचं देशी दारूचं दुकान फाट्यावर होतं, जीप थांबते तिथेच, किराण्याच्या अलीकडे. बाजाराच्या दिवशी मजुरीचे पैसे हातात पडायचे आणि जीपमधून उतरलं की आधी दारूचं दुकान लागायचं. माझ्या जाऊबाई पिशवी घेऊन किराण्याच्या ओट्यावर बसून राहायच्या, भाऊजी बाहेर येईपर्यंत. उरेल त्यात तेल-साखर. आता जवळचं दुकान नऊ किलोमीटरवर आहे आणि सातनंतर जीप मिळत नाही. भाऊजी आजही पितात, खोटं कशाला सांगू. पण आधी किराणा भरला जातो. फाट्यावर घोळका करणारी दहावी-अकरावीची पोरंही तिथून हटली. मला तर हेच सगळ्यात मोठं वाटतं.

दुकान बंद करायचा रस्ता कायद्यात आहे. राज्य सरकारच्या 2008 च्या आदेशाप्रमाणे गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज दिला, की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. पण नीट लक्षात घ्या, निम्म्याहून जास्त मतं हवीत ती यादीतल्या एकूण बायकांच्या, मतदानाला आलेल्यांच्या नाही. यादीत 600 नावं असतील तर 301 आडव्या बाटल्या लागतात. जी आली नाही तिचं मत दुकानालाच गेलं समजा. पहिल्या वेळी आम्ही इथेच हरलो. यादीत वारलेल्या सासवा होत्या, लग्न होऊन गेलेल्या लेकी होत्या, आणि निम्म्या बायका कारखान्यावर कोयता घेऊन. दुसऱ्या वेळी आधी यादी दुरुस्त करून घेतली आणि ऊसतोडीच्या टोळ्या गावी परत आल्यावरच अर्ज दिला.

दुकान गेलं की टपरीवर चोरून विक्री सुरू होते, तीही चढ्या भावाने. आमच्याकडेही झाली. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 साली लागू झालेली बंदी सरकारने 2021 मध्ये उठवली, तेव्हा चोरट्या दारूचंच कारण दिलं होतं. पण शेजारच्या गडचिरोलीत 1993 पासून बंदी टिकून आहे. तिथे गावोगावच्या बायका स्वतः चोरट्या विक्रीवर नजर ठेवतात. आम्हीही तसंच केलं. चौघी-पाचजणी मिळून ठाण्यात जायचो, एकटी कधीच नाही. तक्रार लेखी द्यायची आणि पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. ग्रामरक्षक दलाची, म्हणजे चोरट्या दारूवर नजर ठेवणाऱ्या गावकऱ्यांच्या गटाची तरतूदही कायद्यात आहे, ग्रामसभेत तो विषय घ्यायला लावा.

तुमच्या गावातल्या बायकाही तोडणीला जात असतील तर आत्ताच मतदार यादी काढा आणि एकेक नाव घरोघरी जाऊन तपासा. सह्यांचं नंतर बघू.